लाईट रात्रीची, झोप कुणाची?

परवा संध्याकाळी पारावर बसलो होतो. एकजण उठता उठता म्हणाला, "चला, या आठवड्यात आपली रात्रीची लाईट. दहाला येतीय." दुसऱ्यानं विचारलं, "मग झोपायचं कधी?" तो म्हणाला, "झोपायला काय, मेल्यावर आहेच की." सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटली.

कारण आपण या गोष्टीला इतके सरावलोय की ती आता तक्रारीचा विषयच राहिली नाही. भाव पडला तर आपण रस्त्यावर येतो. पीकविमा आला नाही तर तहसीलवर जातो. पण गेली कित्येक वर्षं आपल्या गावातला शेतकरी महिन्यातल्या निम्म्या रात्री जागून काढतो, त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. "रात्रीची लाईट" हा शब्द आपण "पावसाळा" म्हणावा तितक्या सहज म्हणतो. जणू काही ती वरून पडते. ती वरून पडत नाही. कुणीतरी ऑफिसात बसून वेळापत्रक करतं, त्या वेळापत्रकातून ती येते.

आज त्यावरच लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा. रात्री दारं धरायला जाणार असाल तर बांधावर बसून वाचा.

आधी सरळ हिशोब मांडू

आपला शेतकरी उठतो कधी? घरी जनावरं असतील तर पहाटे पाचला. शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची, डेअरीला दूध घालायचं. मग दिवसभर रान. पाचला उठलेला माणूस रात्री दहाला किती तास जागा असतो? सतरा तास.

आता हा सतराचा आकडा लक्षात ठेवा.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही लोकांना जागं ठेवलं आणि त्याच लोकांना दुसऱ्या वेळी मोजून दारू पाजली. दोन्ही वेळा त्यांच्या हाताची आणि डोळ्याची चपळाई तपासली. निघालं असं, की सलग सतरा तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच मंद होतो. चोवीस तास जागला तर ०.१० टक्क्यांइतका.

आपल्या देशात गाडी चालवताना रक्तात किती दारू चालते? मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. म्हणजे ०.०३ टक्के. त्यापुढे गेलात तर दंड आणि तुरुंगवाससुद्धा.

म्हणजे रात्री दहाला आपला माणूस जेव्हा स्टार्टरचं बटण दाबतो, तेव्हा एक थेंब न पिता तो कायद्याच्या लेखी "पिऊन गाडी चालवणाऱ्या"पेक्षा जास्त झिंगलेला असतो. आणि पहाटे पाचला, शेवटची सरी भरताना, त्याच्या तिप्पट. याच अवस्थेत तो ओल्या पायानं पेटीत हात घालतो. याच अवस्थेत डीपीवरचा फ्यूज गेला की काठी घेऊन तिकडं निघतो. याच अवस्थेत अंधारात बांधावरून चालतो आणि पुढं दोरी आहे की घोणस हे त्याला ओळखायचं असतं. आणि मग सकाळी सहाला लाईट गेली की दुधाच्या किटल्या लावून मोटारसायकल काढतो.

आमच्या भावकीतल्या एकाची गाडी दोन वर्षांपूर्वी अशीच सकाळी रस्ता सोडून चारीत गेली. समोर गाडी नव्हती, खड्डा नव्हता, काही नव्हतं. त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं काय झालं. पाय मोडला, हंगाम गेला. पंचनामा करणाऱ्यानं पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? "रात्री घेतली होती का?" घेतली नव्हती हो. तीन रात्री कांद्याला पाणी देत होता. पण "झोप नाही म्हणून" असं लिहायला आपल्याकडं कागदावर रकानाच नाही.

"शेतकऱ्याला सवय असते"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. शहरातले म्हणतात, अधिकारी म्हणतात, आणि वाईट म्हणजे आपणही म्हणतो.

झोप न होण्याची सवय होत नाही. होते ती फक्त झोप कमी पडतेय हे न कळण्याची सवय. यावरही प्रयोग झालाय. २००३ साली अमेरिकेत काही निरोगी माणसांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. काही जणांना चारच तास. दोन आठवड्यांनी त्यांची तपासणी केली तर लक्ष देण्याची आणि चटकन काही करण्याची ताकद इतकी घसरली होती, की जणू एक-दोन रात्री ते अजिबात झोपलेच नव्हते. आणि त्यांना विचारलं तर म्हणायचे, थोडी पेंग येते, बाकी ठीक आहे. अंगवळणी पडलंय असं त्यांना वाटत होतं. मेंदू रोज खाली जात होता, आणि खाली गेलाय हे सांगणाराही तोच मेंदू.

आता हेच आपल्या पारावर बघा. "मला काय होत नाही" म्हणणारा प्रत्येक जण याच अवस्थेत बोलतोय.

"दुपारी झोपतातच की"

होय, झोपतात. दुपारी जेवण झाल्यावर लिंबाच्या सावलीला तास-दीड तास. पण ती झोप रात्रीच्या झोपेची जागा घेत नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं. उजेड-अंधारावर चालतं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. दिवसा हे घड्याळ शरीराला जागं ठेवायला बघतं. म्हणून रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप तुटक आणि कमी होते. त्यात आपल्याकडं पत्र्याचं घर, ऊन, माशा, पाहुणे, फेरीवाला, आणि "जरा बघता का, म्हैस सुटली" हे वेगळंच.

आणि रात्रपाळीसुद्धा कायमची नाही. काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री. असं उलटसुलट. कुणाला वाटेल, हे बरंय की, निम्मा भार. उलट आहे. शरीराचं घड्याळ सरकायला साधारण एका तासाला एक दिवस लागतो. रात्रीच्या पाळीत ते कसंबसं सरकायला लागतं, तोवर दिवसाची पाळी येते. ते परत फिरायला लागतं, तोवर पुन्हा रात्रीची. म्हणजे बारा महिने ते घड्याळ कुठंच नीट लागत नाही. विमानानं परदेशी जाणारी माणसं एकदा जाऊन आली की आठवडाभर "झोपेची वेळ बिघडलीय" म्हणून सांगत फिरतात. आपला शेतकरी गाव न सोडता महिन्याला दोनदा परदेशी जाऊन येतो.

याचा परिणाम नुसता डोळे चुरचुरण्यावर थांबत नाही. शिकागोत १९९९ साली धडधाकट तरुण पोरांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. सहाच रात्री! तेवढ्यात त्यांच्या रक्तातली साखर जिरायला इतका वेळ लागायला लागला की मधुमेहाच्या वाटेवरच्या माणसासारखं चित्र दिसलं. पूर्वी साखर हा शेठजींचा आजार होता. आता गावात दर दोन-तीन घरांमागं एक गोळी चालू आहे. सगळा दोष झोपेचा असं मी म्हणत नाही. खाणं बदललं, कष्टाची जात बदलली, फवारण्या वाढल्या. पण राबणाऱ्या, घाम गाळणाऱ्या माणसाला चाळिशीत साखर आणि बीपी का लागतं, हा प्रश्न विचारताना त्याच्या रात्रींचा हिशोब कोण मागतं? डॉक्टर म्हणतो, "टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या." डॉक्टरसाहेब, चिठ्ठी वीज कंपनीच्या नावानं लिहा ना!

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली रात्रपाळीच्या कामाला "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं आणि २०१९ साली पुन्हा तपासून तिथंच ठेवलं. हे वाचून घाबरून जायचं कारण नाही. पण जी गोष्ट जगभरचे डॉक्टर धोका म्हणून नोंदवतात, ती आपल्याकडं वेळापत्रक म्हणून फळ्यावर लागते, एवढं तरी समजून घ्या.

कायदा सगळ्यांना आहे, एकाला सोडून

कारखान्यातल्या कामगाराला कायदा आहे. कामाचे तास ठरलेले, जादा काम केलं तर दुप्पट दरानं पैसे. ट्रक-बसच्या ड्रायव्हरला कायदा आहे. तो पाळला जातो का हा वेगळा विषय, पण निदान लिहिलेला तरी आहे. लग्नातल्या डीजेला रात्री दहाची मर्यादा आहे. कशासाठी? लोकांची झोप मोडू नये म्हणून! म्हणजे दहाला डीजे बंद करायचा आणि दहालाच मोटर चालू करायची.

आणि सुप्रीम कोर्ट काय म्हणतं? २०११ च्या जूनमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर आंदोलनाला आलेली माणसं रात्री झोपलेली असताना पोलिसांनी त्यांना उठवून हुसकावलं. त्या प्रकरणात २३ फेब्रुवारी २०१२ ला निकाल आला. त्यात कोर्टानं झोप हा माणसाचा मूलभूत हक्क मानला, घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग म्हणून. एका रात्रीच्या झोपमोडीवर देशाचं सर्वोच्च न्यायालय बोललं. आपल्या लोकांची झोप वर्षानुवर्षं मोडते, आणि आपण म्हणतो, "चालायचंच."

रात्रीचीच का?

हे नीट समजून घेऊ, नाहीतर नुसतीच बोंब होईल.

दिवसा कारखाने, ऑफिसं, दुकानं चालू असतात. विजेची मागणी जास्त. रात्री मागणी उतरते. पण कोळशावरचं वीज केंद्र गॅसच्या शेगडीसारखं कमी-जास्त करता येत नाही, बंद करून परत पेटवायला वेळ आणि पैसा जातो. मग रात्रीची उरलेली वीज कुठं घालायची? शेतीपंपाला. शेतकरी आरडाओरडा करत नाही, बिलाचं म्हणाल तर थकलेलंच असतं, आणि पीक वाळतंय म्हणून तो मध्यरात्रीही उठतो. सोय कुणाची झाली? यंत्राची. यंत्राला झोप मिळावी म्हणून माणूस जागा.

त्या काळी याला निदान तांत्रिक कारण होतं. आज तेही उरलेलं नाही, उलटलंय. सौर वीज दिवसा तयार होते. दुपारी मुबलक आणि स्वस्त. म्हणजे आता शेतीला दिवसा वीज देणं ही मेहेरबानी नाही, हिशोबाची गोष्ट आहे. सरकारलाही हे माहीत आहे. म्हणून तर २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. २०२३ ला तिचा दुसरा अवतार आला आणि २०२५ पर्यंत किमान ३० टक्के कृषी फीडर सौर करायचं ठरलं. पुढं सगळ्यांनाच दिवसा वीज देऊ अशाही घोषणा झाल्या. कल्पना चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प, तिथून थेट आपल्या फीडरला वीज. जिथं झालं तिथली माणसं खुश आहेत, हेही ऐकलंय.

पण २०१७ ला जे पोरगं पहिलीत होतं ते आता मिसरूड फुटून बापाबरोबर रात्री दारं धरायला जायच्या वयाचं झालं. शेजारच्या गुजरातनं २०२० च्या ऑक्टोबरमध्ये किसान सूर्योदय योजना सुरू केली. पहाटे पाच ते रात्री नऊ या वेळेतच शेतीला वीज, असं त्यांनी निदान उघडपणे ठरवलं. आपल्याकडं २०२२ साली कोल्हापुरात राजू शेट्टींनी दिवसा दहा तास विजेसाठी दिवसेंदिवस धरणं धरलं, तेव्हा कुठं राज्यभर चर्चा झाली. चर्चा झाली, संपली.

२०२४ ला साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. पाच वर्षांसाठी. फ्लेक्स लागले, आभार मानून झाले. मीही म्हणतो, बिल माफ झालं, चांगलं झालं. पण फुकटचं काही नसतं. बिलाचे पैसे गेले, किंमत राहिली. ती आपण रात्रीच्या झोपेनं भरतोय. आणि खरं सांगू? फुकट मिळायला लागल्यापासून जाब विचारायला तोंड उरलेलं नाही. "फुकट देतोय, वर वेळ पण तुमच्या सोयीची पाहिजे का?" असं कुणी ऐकवलं तर आपण खाली बघतो. खाली बघू नका. वीज फुकट असो की विकत, माणसाचं शरीर तेच आहे.

दोन आक्षेप, जे खरे आहेत

एक. काही जाणकार म्हणतील, रात्री पाणी दिलं तर बाष्पीभवन कमी होतं. बरोबर आहे. पण पेंगणारा माणूस पाटाशी बसून डोळा लागला की वाफा फुटतो, पाणी दुसऱ्याच्या रानात जातं, आणि सकाळी बांधावर भांडण. ऑटोस्विच लावून घरी झोपला तर रात्रभर पाणी वाहतं आणि विहीर कोरडी पडते. यात वाचलं किती आणि गेलं किती? पहाटे किंवा दिवस कलल्यावर ठिबकनं दिलेलं पाणी याहून जास्त वाचतं.

दोन. सगळ्यांना एकाच वेळी दिवसा वीज दिली तर तारा आणि डीपी झेपणार नाहीत. हेही खरं आहे. डीपी जळला की आठ-पंधरा दिवस काय हाल होतात ते आपल्याला माहीत आहे. म्हणूनच मी "उद्यापासून द्या" म्हणत नाही. पण तोवर निदान पाळीचं वेळापत्रक तरी माणसाकडं बघून करता येतं. रात्रीचीच द्यायची तर मध्यरात्रीनंतर नको. संध्याकाळी लवकर द्या किंवा पहाटेला द्या, म्हणजे मधली चार-पाच तासांची झोप तरी शाबूत राहील. याला नवीन तार लागत नाही, नवीन डीपी लागत नाही. एक कागद लागतो आणि थोडी माणुसकी लागते.

बायकांची झोप कुणी मोजली?

नवरा रात्री रानात, म्हणजे बाई घरात झोपलेली, असं वाटतं का? बिबट्याच्या भागात विचारा. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडं उसाच्या रानात माणूस रात्री गेला की घरातली बाई फोन हातात धरून बसते. दोनदा फोन उचलला नाही की बॅटरी घेऊन निघते. कितीतरी घरांत तीच बॅटरी धरून सोबत जाते, आणि पाचला धारही तिलाच काढायची, डबाही तिलाच करायचा. तिला तर दुपारचा लिंबाखालचा तासही नाही. आणि घरातलं शाळकरी पोर त्या सगळ्या धावपळीत दोनदा जागं होतं ते वेगळंच.

आता करायचं काय?

नुसतं लाईक करून उपयोग नाही. चार साध्या गोष्टी सांगतो.

१. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: "आमच्या गावच्या कृषी फीडरला दिवसा वीज मिळावी, आणि तोवर रात्री बारा ते पहाटे चार या वेळेत पाळी देऊ नये." ठराव लेखी, नक्कल हातात.

२. उपकेंद्राच्या दारावर फळा लावायला सांगा. कोणता फीडर, कोणती पाळी, आणि सौर प्रकल्पाचं काम कुठवर आलं. जमीन मिळाली का, खांब पडले का, तारीख काय. आपल्या तालुक्यातले किती फीडर दिवसावर आले हे कार्यकर्त्यांच्या भाषणातून कळायला नको, फळ्यावर दिसायला हवं.

३. प्रकल्पाला गायरान मागितलं की गावात लगेच दोन तट पडतात. विरोध करायचा तर जरूर करा, चराईचा प्रश्न खरा आहे. पण बसून बोला, मार्ग काढा. वर्षभर फाईल अडवून ठेवायची आणि मग रात्रीच्या लाईटला शिव्या द्यायच्या, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. यात आपलाही दोष आहे, तो कबूल करू.

४. रात्रीच्या पाण्यावर झालेला प्रत्येक अपघात लिहून ठेवा. साप चावला, शॉक बसला, सकाळी गाडी घसरली. तारीख, वेळ, त्या रात्री लाईट किती वाजता होती. जे लिहिलेलं नसतं ते झालेलंच नसतं, असं सरकार धरून चालतं.

आणि तोवर आपल्यासाठी एवढं करा: रात्र जागून काढली असेल तर सकाळी दुधाची गाडी दुसऱ्याकडं द्या. पेटीला हात लावण्याआधी चप्पल आणि कोरडा हात. बॅटरीशिवाय, बुटाशिवाय बांधावर पाय टाकू नका. आणि "मला काय होत नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका.

लहानपणी आजी म्हणायची, झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, उठवू नये. झोपलेल्या माणसाबद्दल एवढा आदर असलेल्या घरांतली आपण माणसं. आणि आज महिन्यातल्या पंधरा रात्री आपल्याला एक स्टार्टर उठवतो, आणि आपण निमूट उठतो.

आपण भाव मागतो, विमा मागतो, माफी मागतो. आता एकदा झोप मागू. ती मागायला कुणाच्या बापाची भीती नाही, आणि लाज तर अजिबात नाही.

तुमच्या गावात या आठवड्यात कोणती पाळी आहे? गावाचं नाव आणि वेळ खाली लिहा. आपल्याच तालुक्याची यादी आपणच करू. पटलं असेल तर गावच्या ग्रुपवर टाका.

बाकी, आज ज्यांची रात्रीची आहे त्यांनी जपून जा.